तैवान : मत दाखवा, मोठ्यानं वाचा

(शाळेचा वर्ग. भिंतीवर चिकटवलेले मोठे कागद.)

१३ जानेवारी २०२४, तैवानच्या अध्यक्षाची आणि संसदेची निवडणूक. दुपारचे चार वाजले, मतदान संपलं. सकाळपासून ज्या खोलीत मतं पडली, तिथेच ती मोजली जाणार. पेट्या हलवण्याची भानगडच नाही.

आता मोजणी करणाऱ्यांचे हात पाहा. पेटीतून गुलाबी मतपत्रिका काढायची, उलगडायची, डोक्याच्या वर धरायची आणि शिक्का कुणावर पडलाय ते खणखणीत आवाजात पुकारायचं. भिंतीजवळचा सहकारी एक रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर. अक्षर पुरं झालं, की पाच मतं.

मागे उभे आहेत ते याच वस्तीतले मतदार. मोजणी पाहायला कुणालाही मुभा आहे. मत देताना मोबाइल बंद ठेवावा लागतो; आता बघा, किती जण चित्रण करतायत! शेवटी पेटी रिकामी झाल्याचंही सगळ्यांना दाखवलं जातं.

अशी केंद्रं १७ हजारांहून जास्त. यंत्र एकाही ठिकाणी नाही, आणि तरी निकाल त्याच रात्री.

(जुनं चित्रण, १९९६.)

एवढा काटेकोरपणा का? समोर चीन आहे. सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी जेमतेम १३० किलोमीटर, आणि तैवान आपलाच असं चीनचं म्हणणं. तैवानात ३८ वर्षं लष्करी कायदा होता. तो १९८७ साली उठला. मार्च १९९६ मध्ये लोक पहिल्यांदा थेट अध्यक्ष निवडणार होते, तेव्हा चीननं बंदरांलगतच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. अमेरिकेनं विमानवाहू नौकांचे दोन ताफे धाडले. लोक मतदानाला गेलेच. चीनला नको असलेले ली तेंग-हुई ५४ टक्के मतं मिळवून जिंकले.

(पुन्हा मोजणी.)

२०२४ मध्ये मोजणीत घोळ झाल्याच्या क्लिप फिरल्या. पण ज्या खोलीत मतदारच साक्षीदार, तिथे अफवा टिकणार किती? हरलेल्या दोन्ही उमेदवारांनी रात्रीच पराभव मान्य केला.

लाई छिंग-ते ४० टक्के मतांवर अध्यक्ष झाले. तेही चीनला नकोच होते. दोनच दिवसांत पॅसिफिकमधल्या नौरू या चिमुकल्या देशानं तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. २० मेला शपथविधी, २३ मेपासून बेटाभोवती चीनचा दोन दिवसांचा युद्धसराव. संसदेत त्यांच्या पक्षाच्या ११३ पैकी ५१च जागा असल्यानं संरक्षणाच्या खर्चासाठीही लाईंना विरोधकांची मनधरणी करावी लागणार.