जिंगल्सची फी

नमस्कार श्रोतेहो. १९६१ साली न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती आणि तिथे एका कुत्र्याच्या फीवरून हशा पिकला होता. तो किस्सा मी आज सांगणारच आहे, पण आधी विषय. वाचताना अडखळणारी मुलं, आणि त्यांचं वाचन ऐकायला बसणारे कुत्रे.

हो, ऐकायला. कुत्रा शिकवत नाही, कुत्रा ऐकतो. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं बोलता बोलता येईलच.

अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स या संस्थेनं १९९९ साली हा उपक्रम रीतसर सुरू केला. कल्पना सँडी मार्टिन या नर्सबाईंची, आणि पहिली श्रोती त्यांची ऑलिव्हिया, पोर्तुगीज वॉटर डॉग जातीची कुत्री. मुलानं आवडीचं पुस्तक घ्यायचं, कुत्रीला टेकून बसायचं आणि तिला वाचून दाखवायचं. पंधरा-वीस मिनिटं. शेजारी तिला सांभाळणारं माणूस असतं. मूल एखाद्या शब्दाशी अडलं की ते माणूस 'चूक' म्हणत नाही. ते म्हणतं, 'हा शब्द हिनं कधी ऐकला नाहीये, जरा समजावून सांगतोस का तिला?' झालं! मघापासून चाचरणारं पोर एकदम गुरुजी होतं.

पण या सगळ्याचा मूळपुरुष वेगळाच आहे, आणि तो माझा फार लाडका आहे. त्याचं नाव जिंगल्स. (आपल्याकडचा मोत्या म्हणा. तसा मोत्या तरी आता कुठे राहिलाय? सगळे ब्रूनो नाहीतर सिंबा. आणि घरात सगळी माणसं मराठी, तरी कुत्र्याशी मात्र 'सिट', 'कम', 'नो' असं इंग्रजीत का बोलतात, ते मला आजवर कळलेलं नाही. असो.)

तर हा जिंगल्स बोरिस लेव्हिन्सन यांचा. लेव्हिन्सन न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ, येशिवा विद्यापीठात प्राध्यापक. १९५३ सालातली गोष्ट. डॉक्टर टेबलाशी लिहीत बसलेत, पायाशी जिंगल्स पसरलाय. एरवी मुलं तपासायला यायची त्या वेळी कुत्रा खोलीत नसायचा. पण त्या दिवशी एक आई आपल्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधीच येऊन थडकली. मुलगा कोणाशी धड बोलेना, मिसळेना. बरेच उपचार करून झाले होते, गुण नव्हता. आता रुग्णालयातच ठेवा, असा सल्ला मिळालेला. घायकुतीला आलेली आई घड्याळ कशाला बघेल?

डॉक्टर लगबगीनं दारात गेले आणि जिंगल्सला बाहेर काढायचं विसरूनच गेले. जिंगल्सनं काय करावं? थेट त्या मुलाकडे धावला आणि त्याला चाटायला लागला. आता हा पोरगा किंचाळणार, असंच कोणालाही वाटलं असतं. पण तो घाबरला नाही. उलट कुत्र्याला बिलगला, त्याला कुरवाळायला लागला. आई दोघांना वेगळं करायला पुढे झाली, तर लेव्हिन्सननी खुणेनं तिला थांबवलं. राहू दे.

निघताना त्या मुलानं विचारलं, इथे येणारी सगळी मुलं या कुत्र्याशी खेळतात का? डॉक्टरांनी 'हो' म्हणून टाकलं, तसा म्हणाला, मलाही पुन्हा यायचंय, याच्याशी खेळायला. पुढे कितीतरी भेटींत तो जिंगल्सशीच खेळत राहिला. डॉक्टर समोर बसलेत, पण ते त्याच्या खिजगणतीतही नाहीत! मग हळूहळू कुत्र्यावरचा जीव थोडा थोडा डॉक्टरांच्याही वाट्याला आला, आणि तिथून खरे उपचार सुरू झाले.

हे सगळं लेव्हिन्सननी परिषदेत मांडलं, तेव्हा विद्वान मंडळी हसली. एकानं तर विचारलं म्हणतात, 'फीमधले किती टक्के कुत्र्याला देता?' लेव्हिन्सन मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, त्यांनी लेख छापला आणि त्याच्या नावातच कुत्र्याला सह-उपचारक म्हटलं. व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड, त्याची योफी नावाची कुत्री रुग्ण बोलत असताना खोलीत बसायची, हे पुढे लोकांच्या ध्यानात आल्यावर हसणं जरा कमी झालं. मोठ्याच्या घरी घडलं की सगळं शास्त्र!

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून शास्त्राचं भराभर सांगते. मूल मोठ्यानं वाचतं तेव्हा त्याचा रक्तदाब चढतो. खोलीत कुत्रा असला की तो कमी राहतो, असं १९८३ च्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्याच टफ्ट्स विद्यापीठानं २०१७ साली दुसरीच्या मुलांवर सहा आठवडे प्रयोग केला. कुत्र्याला वाचून दाखवणाऱ्या मुलांना शाळेतलं वाचन जास्त आवडायला लागलं, पण वाचनाच्या कौशल्यात इतर मुलांपेक्षा फरक पडला नाही. म्हणजे पुन्हा तेच: कुत्रा शिकवत नाही, ऐकतो. जोडाक्षरं बाईंनाच शिकवावी लागतात. त्याच बाईंना माझी विनंती, घंटा वाजवून घ्यायच्या त्या प्रकट वाचनाच्या स्पर्धा तेवढ्या बंद करा. आणि प्रकाशकहो, लहान मुलांच्या पुस्तकात मुंगीएवढी अक्षरं छापू नका.

या कामाचे कुत्रे स्वभावानं शांत, तपासून घेतलेले, लस टोचलेले असतात. मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था असे कुत्रे घेऊन मुलांमध्ये काम करते. तेव्हा सोसायटीच्या फाटकातल्या काळूला पकडून लगेच वाचनवर्ग काढू नका. घरचा, मुलाच्या सवयीचा कुत्रा असेल तर मात्र जरूर करून बघा. जेवण झाल्यावर, तो सुस्तावला की. पुस्तक मुलाला निवडू दे, सोपं असलं तरी चालेल. मध्येच कुत्रा उठून गेला तर जाऊ दे, ओढून आणू नका. आणि तुम्ही त्या खोलीत असलात तर तोंडातून चकार शब्द काढू नका, हे सगळ्यात अवघड.

घरी मांजर आहे? चालेल. पेनसिल्व्हेनियात बर्क्स काउंटीतल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात मुलं मांजरांनाच वाचून दाखवतात. फक्त मांजर पुस्तकावरच येऊन बसतं, तेव्हा दुसरं पुस्तक हाताशी ठेवा. नमस्कार.