बेडसे, भाजे, कार्ले: मावळातली एक दिवसाची सायकलफेरी

नमस्कार मंडळी. मावळातली ही तीन बौद्ध लेणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील, पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या सहलींत. माझा आग्रह असा की ती एकाच दिवसात पाहा आणि सायकलवर पाहा. मधे दोन-तीन तास पॅडल मारलं तरी पहिल्या लेण्यातला खांब डोळ्यांसमोर असतानाच तुम्ही तिसऱ्यात पोचता. लाकडात काम करणारे हात दगडात काम करायला कसे शिकले, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फेरी कामशेतहून सुरू करायची. एकूण ५०-६० किलोमीटरचा पल्ला, दोन दमदार चढ. गिअरची साधी हायब्रिड सायकल पुरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात हा मुलूख देखणा असतो खरा, पण लेण्यांच्या पायऱ्या शेवाळतात आणि उतारावर ब्रेक धरत नाहीत.

आता क्रमाबद्दल. भाजे सगळ्यात जुनं, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं. म्हणून अभ्यासू मंडळी तिथून सुरुवात करा म्हणतात. मी उन्हाच्या क्रमाने जायला सांगतो. बेडसे पूर्वाभिमुख आहे, भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. सकाळी बेडसे, दुपारी भाजे, उन्हं कलताना कार्ले. तिन्ही ठिकाणी कोरीव काम उजेडात मिळतं आणि रस्त्याची गोलाईही जुळते.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की इंद्रायणीचं खोरं सोडून, डोंगराची सोंड ओलांडून, पवनेच्या खोऱ्यात उतरायचं. सकाळच्या गारव्यात हा चढ अंगावर येत नाही. बेडसे गावात सायकली लावून पायऱ्या चढायच्या. चैत्यगृहासमोर, म्हणजे स्तूप असलेल्या उपासनेच्या दालनासमोर, गेलात तर आधी काहीच दिसत नाही, कारण कोरणाऱ्यांनी पुढचा कातळ तसाच ठेवलाय. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरलं की एकदम मान वर करावी लागते. साधारण २५ फूट उंचीचे खांब, वर उलट्या घंटेसारखी शीर्षं आणि त्यांच्यावर घोडे, हत्ती, बैल नि त्यांच्यावर बसलेली माणसं. घाई करू नका. स्वारांचे दागिने बघा, हत्तीच्या कानाची कड बघा. इथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने दान दिल्याचं कोरलंय. नाशिकचा व्यापारी मावळात दान देतो, कारण कोकणातली बंदरं आणि घाटमाथ्यावरची गावं जोडणाऱ्या वाटा या भागातून जात होत्या. सोपारा-कल्याणला उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येई. आपण ज्या गतीने चढतो, तीही काही फार वेगळी नसते.

पुढे पवनानगर, धरणाचा काठ आणि मग दुधिवरे खिंड. दिवसातला खरा चढ हाच. डोक्यावर लोहगड असतो, २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी एक. तो आज करायचा नाही, त्याला वेगळा दिवस द्या. गायमुख खिंडीतून भाज्याला उतरणारी वाट नकाशावर जवळची दिसते, पण तिचा उतार फार तीव्र आहे. नवख्यांनी मळवलीकडून वळसा घालून यावं.

भाज्याचं चैत्यगृह समोरून सताड उघडं आहे. दर्शनी भाग लाकडी होता, तो गेला; तुळया बसवायच्या खोबणी मात्र कातळात राहिल्या आहेत. आतले अष्टकोनी खांब पायाशी बाहेर आणि माथ्याशी आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा रेटा पेलायला खांब असे तिरके रोवतात. अखंड कातळात कोरलेल्या छताला रेटा कसला? तरीही कारागिराने सवयीने खांब तिरके काढले. वर पाहा: कमानीला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. हे बघायला मी माणसांना इतक्या लांब घेऊन येतो. शेजारच्या १४ स्तूपांपैकी काहींवर स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं आहेत, तीही वाचून घ्या.

मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडून जुन्या महामार्गावर यायचं आणि कार्ले फाट्याला वळायचं. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे, आगरी-कोळी समाजाचं मोठं श्रद्धास्थान. चैत्रातल्या यात्रेचे दिवस भाविकांचे; तेव्हा सायकलींचा घोळका नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत खांब सरळ उभे झालेले दिसतील. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पूर्ण केल्याचा लेख व्हरांड्यात आहे. त्याचा अभिमान रास्त वाटतो. साधारण १२४ फूट लांबीचं असं दुसरं चैत्यगृह भारतात नाही. पण मला त्याच दर्शनी भागातला दुसरा, छोटा लेख अधिक मोलाचा वाटतो. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या, वेणुवासाच्या मुलाने इथलं दार घडवलं, असं तो सांगतो. आणि सामीचा धंदा लिहिलाय, वढकी. म्हणजे सुतार. दगडातलं दार, घडवणारा सुतार, आणि त्याचं नाव बापाच्या नावासकट भिंतीवर.

कार्ले फाट्यापासून कामशेतपर्यंतचा परतीचा टप्पा सपाट आहे, पण ट्रकची वर्दळ असते. मागचा लाल दिवा उजेड असतानाच लावा, एकामागोमाग एक चला आणि अंधार पडायच्या आत स्टेशन गाठा.