अकाउंट्सला मेल टाकण्याआधी स्टोअरमध्ये जाऊन या

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच कमेंट: "ताई, आमचे अकाउंट्सवाले मुद्दाम पुरवठादारांची बिलं अडवतात." आज त्यावरच बोलू.

नीट बोला, फोन उचला, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे जाऊ.

बिल पास व्हायला तीन कागद जुळावे लागतात: पीओ (आपली खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) आणि पुरवठादाराचं बिल. पीओ 500 नगांची, बिल 500 चं आणि गेटवर मोजले तर 480 भरले. आता डेबिट नोट (कमी आलेल्या मालाचे पैसे वजा करणारा कागद) निघेपर्यंत अकाउंट्सवाला काय करणार? म्हणून त्याला "पेमेंट कधी?" विचारण्याआधी स्टोअरमध्ये विचारा, जीआरएन झालं का?

मी चाकणला परचेसमध्ये आहे. नवीन असताना एका कास्टिंगवाल्याचं बिल अडकलं. मी थेट प्लांट हेडना सीसीत घेऊन अकाउंट्सला कडक मेल टाकला. माल निघाला क्वालिटीच्या होल्डवर, म्हणजे तपासणीत अडकलेला, कारण ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन मीच क्वालिटीवाल्यांना दिलं नव्हतं! जीआरएन होणार कुठून? त्यानंतर अकाउंट्समधले काका वर्षभर माझ्याशी फक्त मेलवर बोलले. बसायचे दहा पावलांवर. फार लागलं मला ते. साहेबांना सीसीत घेणं म्हणजे चारचौघांत तक्रार करणं. करू नका हो.

एकाने लिहिलंय, "एवढं फिरायला वेळ कुणाला आहे?" दादा, पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर कायद्याने लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिल अकाउंट्सच्या टेबलावर पोचल्यापासून नाही. मुदत चुकली आणि 31 मार्चपर्यंत पैसे गेले नाहीत, तर आयकर कायद्याप्रमाणे (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. म्हणजे जीआरएन रखडलं की अकाउंट्सचे दिवस आपण खातो.

आणि तारखा बघून जा. 7 ला टीडीएस (कापलेला कर) भरायचा असतो, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी, ही जीएसटीची रिटर्न्स. त्या दिवशी त्यांच्या टेबलाशी उभं राहू नका. इतर दिवशी पीओ नंबर, जीआरएन नंबर आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून न्या. त्यांना शोधावं लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

तुमच्याकडे जीआरएन गेटवरच होतं की तपासणीनंतर? खाली लिहा, मी एकेक वाचते.