बाभळीची साल आणि हेलसिंकीचा कायदा

(दृश्य : तिकाटण्याला टांगलेली कातड्याची पिशवी. खाली घमेलं. थेंब पडतायत.)

ही पखाल नाही. हे कोल्हापुरी चपलेसाठीचं म्हशीचं कातडं आहे. कडा घायपाताच्या दोऱ्यानं शिवून त्याचीच पिशवी केलीय आणि तिच्या पोटात बाभळीची साल आणि हिरडा ठासून भरलाय. वरून पाणी ओतायचं. ते सालीचा तुरटपणा घेऊन कातड्यात मुरतं आणि झिरपून खाली घमेल्यात येतं. घमेल्यातलं पुन्हा वर ओतायचं. दिवसभर हेच काम.

(निवेदन थांबतं. थेंबांचा आवाज.)

इथवर यायच्या आधी हे कातडं चुन्याच्या पाण्यात पडून होतं. चुन्यानं केस सुटतात. मग हे कातडं कमावणारे मामा ते लाकडावर पसरतात आणि आतल्या बाजूचं मांस खरवडतात. हात बघा त्यांचा. पातं जरा जास्त टेकलं तर भोक पडतं आणि भोक पडलेल्या कातड्याची पिशवी कशी होणार? काही दिवसांनी पिशवी उतरवून उलटी टांगायची, म्हणजे मानेकडचा आणि शेपटीकडचा भाग सारखा मुरतो. साल संपली की नवी साल. कातडं कुजायचं थांबून चामडं झालं की नाही, हे मामा कडेला एक बारीक काप घेऊन बघतात. मधोमध पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चं. रेघ नाहीशी झाली, आरपार एकच तांबूस रंग आला, की उतरवायचं.

अशी पिशवी आता कोल्हापूरच्या परिसरात शोधावी लागते. आम्हालाही शोधावी लागली. कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारातल्या, चप्पल लाईनमधल्या कितीतरी जोड्यांचं चामडं बाहेरून, चेन्नईकडून वगैरे तयार होऊन येतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बाभूळ आणि हिरडा हा त्या चपलेच्या ओळखीचाच भाग.

(दृश्य : चामड्याचा काप. कापायची रापी. टोचायची आरी. कानवळी, म्हणजे चपलेचा बाजूचा कान, शिवतानाचा हात, अगदी जवळून.)

तळ कापला, टाच बसवली, कानवळ्या लावल्या. शिवायला दोरा नाही, चामड्याचीच वादी. वेणी विणायचं काम बहुतेक घरात बायका करतात, आणि वेणीवरूनच जोडीची किंमत ठरते. शेवटी तेलाचा हात. ऊन बघून वाळवायचं. कापशी हा कोल्हापुरीचा एक प्रकार; त्याचा घाट असेल तर कान मोठे. हा जोड कापशीचा आहे, आणि तो जाणार आहे नेदरलँडला.

(दृश्य : मोबाईलवर काढलेले फोटो. इन्स्टाग्रामचं पान.)

मामांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन विक्री सुरू केली. पहिली परदेशी ऑर्डर आली ती आइंडहोव्हनमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंची. गणपतीत घालायला कोल्हापुरी हवी होती. त्यानंतर मेलवर मेल यायला लागले. रीच रजिस्ट्रेशन आहे का? रीच सर्टिफिकेट काढून देतो, एवढे एवढे पैसे.

आता हे रीच म्हणजे काय?

(दृश्य : हेलसिंकी. समुद्रकाठची जुनी गोदी, काचेची इमारत. बाहेरून.)

ही फिनलंडची राजधानी हेलसिंकी. जुन्या जहाजगोदीच्या आवारातल्या या इमारतीत युरोपीय रसायन संस्था आहे. आत आम्ही गेलो नाही. तिथं राहणाऱ्या एका मित्रानं रस्त्यावरून केलेलं हे चित्रण आहे, म्हणून कॅमेरा थोडा हलतोय. थंडी असणार.

युरोपीय संघानं २००६ साली एक कायदा केला, क्रमांक १९०७. तोच रीच. रसायनांची नोंदणी, तपासणी, परवानगी आणि निर्बंध, सगळं एकाच छत्राखाली. १ जून २००७ ला तो लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाचा मथळाच सांगतो : माहिती नाही, तर बाजार नाही. एखादा पदार्थ युरोपात बनवणारा किंवा आणणारा वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त आणत असेल, तर त्यानं आधी त्या पदार्थाची सगळी माहिती हेलसिंकीला द्यायची. विषारी आहे का, पाण्यात काय होतं, कामगारानं हातमोजे घालायचे का. पुरावा द्यायचा तो कारखानदारानं किंवा आयातदारानं, सरकारनं नाही. याआधी उलटं होतं. आधीपासून बाजारात असलेल्या पदार्थांसाठीची शेवटची मुदत ३१ मे २०१८ ला संपली.

मग आपल्या चपलेची नोंदणी? नाही. करायचीच नाही.

(दृश्य : टेबलावर एक चप्पल आणि शेजारी तेलाची डबी.)

कायदा जगातल्या मालाचे ढोबळ भाग करतो. पदार्थ, मिश्रण आणि वस्तू. ज्याचं काम त्याच्यातल्या रसायनापेक्षा त्याच्या आकारावर, घाटावर जास्त ठरतं, ती वस्तू. चप्पल ही वस्तू. तिच्यातून एखादं रसायन मुद्दाम बाहेर पडावं अशी योजना असती, म्हणजे सुगंधी खेळण्यासारखं काही असतं, आणि त्याचं वजन टनावर गेलं असतं, तर नोंदणीचा प्रश्न आला असता. कोल्हापुरीलाही वास असतो, पण तो कुणी मुद्दाम घातलेला नाही!

शेजारची डबी मात्र वेगळी. चपलेला लावायचं तेल मुलगा सोबत पाठवतो. डबी वस्तू नव्हे, ती आतल्या पदार्थाचं भांडं. म्हणजे आतलं मोजायचं. पन्नास ग्रॅमच्या डब्या धरल्या तर एक टन व्हायला वीस हजार डब्या पाठवाव्या लागतील. शिवाय रासायनिक बदल न केलेली वनस्पती तेलं या कायद्यानं नोंदणीतून मुळातच वगळली आहेत. तेव्हा एरंडेल पाठवा खुशाल. मेण, टर्पेंटाइन, सुगंध घातलेलं पॉलिश असेल तर त्यावर धोक्याच्या खुणांचे आणि लेबलचे नियम येतात, आणि तिथं टनाची सूट नाही.

राहिलं सर्टिफिकेट. हेलसिंकीची संस्था मालाला असलं कुठलंच सर्टिफिकेट देत नाही. मेल पाठवणारे जे विकतात तो फार तर प्रयोगशाळेचा अहवाल असतो.

(दृश्य : फिरणारा मोठा ड्रम. आतून निघणारी निळसर ओली कातडी.)

अहवाल मात्र लागतो. त्याचं कारण या ड्रममध्ये आहे. ही क्रोमची रीत. सालीला जे जमायला आठवडे लागतात ते इथं एखाद्या दिवसात होतं, आणि जगातलं बहुतेक चामडं असंच तयार होतं. ड्रममध्ये घातलेलं क्रोमियम तसं निरुपद्रवी. पण उष्णता, ऊन, चुकीची चरबी यांनी त्यातलं थोडं बदलून क्रोम सिक्स हे घातक रूप होतं. त्यानं त्वचेला कायमची ॲलर्जी येऊ शकते. डेन्मार्कनं हा मुद्दा लावून धरला आणि १ मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात किलोमागे तीन मिलिग्रॅम ही मर्यादा आली. रंगांचंही तसंच. ॲझो या कृत्रिम रंगांतल्या काहींपासून अमाइन नावाची घातक रसायनं सुटतात, ती किलोमागे तीस मिलिग्रॅमच्या वर नकोत. जर्मनीनं १९९४ मध्येच असे रंग रोखायचं ठरवलं होतं, तेव्हा आपल्याकडच्या कापड आणि चामडं निर्यातदारांची धावपळ उडाली होती. या निर्बंधांना टनाचं माप नाही. एक जोड पाठवला तरी लागू.

पिशवीतल्या चामड्यात क्रोम घातलेलंच नाही. मामा ते वासावरून सांगतात. प्रयोगशाळेला वास चालत नाही, तिला तुकडा लागतो आणि फी लागते. गोंड्याच्या लाल रंगाची वेगळी चाचणी, बक्कल असेल तर त्यातून सुटणाऱ्या निकेलची वेगळी. दहा जोड्या विकणाऱ्याला आणि दहा हजार विकणाऱ्याला फी तीच.

(दृश्य : आइंडहोव्हन. दाराची घंटा. ताई पार्सल उघडतायत. मोबाईल चित्रण.)

आणि ह्या आपल्या आयातदार.

गंमत नाही. कायदा सगळं ओझं टाकतो युरोपात राहणाऱ्या आयातदारावर. कोल्हापुरातल्या उत्पादकाला हेलसिंकीत स्वतः नोंदणी करताच येत नाही. त्यासाठी युरोपात एकमेव प्रतिनिधी नेमावा लागतो. कंटेनरनं माल गेला तर तिथला व्यापारी सापडतो, त्याच्याकडे वह्या असतात. पण ताईंनी स्वयंपाकघरातून बटण दाबलं आणि पार्सल थेट दारात आलं, तर माल युरोपात आणला कुणी? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रॉटरडॅमची जहाजं होती, हे ताईंचं पायपुसणं नव्हतं.

(दृश्य : विमानतळावरचे सरकते पट्टे. पार्सलं, पार्सलं, पार्सलं.)

२०२४ मध्ये दीडशे युरोपर्यंत किमतीची ४६० कोटी पार्सलं युरोपात उतरली. रोजची सुमारे सव्वा कोटी. त्यातली ९१ टक्के चीनमधून. त्याआधी २९ देशांतल्या निरीक्षकांनी ऑनलाइन विकला जाणारा माल तपासला होता. निर्बंधांच्या कसोटीवर पाहिलेल्या मालापैकी ७८ टक्के नापास झाला, असं हेलसिंकीनं २०२१ मध्ये जाहीर केलं. संशय येईल असाच माल उचलला होता, हे खरं. तरीही.

मग युरोपानं भोकं बुजवायला घेतली. १३ डिसेंबर २०२४ पासून ग्राहकाला विकायच्या बहुतेक मालासाठी युरोपात एक जबाबदार व्यक्ती हवी, आणि तिचं नाव, पत्ता, ईमेल मालावर किंवा पार्सलवर हवा. लहान विक्रेत्याला सूट नाही. १ जुलै २०२६ पासून छोट्या पार्सलांवर तीन युरोंची जकातही ठरली आहे. कुणी पैसे देऊन अशी व्यक्ती नेमली, कुणी यादीतून युरोपच काढून टाकला.

(दृश्य : पोस्टाचं काउंटर. डाकघर निर्यात केंद्राची पाटी. फॉर्म भरणारा हात.)

मामांचा मुलगा अजून पाठवतोय. जबाबदार व्यक्तीसाठी तिघा-चौघांनी मिळून वर्गणी काढली. चामड्याचा अहवाल त्यानं लॅमिनेट करून घेतलाय, का ते त्यालाच ठाऊक.

हा जकातीचा फॉर्म. मालाचं वर्णन, वजन, किंमत आणि एक सहा आकडी क्रमांक : ६४०३२०. सगळ्या जगाच्या जकातीत हा क्रमांक एकाच पायताणाचा आहे. चामड्याचा तळ, पायाच्या चवड्यावरून एक चामडी पट्टा आणि अंगठ्याभोवती एक. नाव न घेता वर्णन केलंय, पण कोल्हापूरच्या माणसाला ते वाचून दुसरं काही आठवणार नाही.

चामडं कशात मुरवलं, यासाठी फॉर्मवर रकाना नाही. मुलगा वर्णनाच्या ओळीतच उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहितो.

(दृश्य : पेन. शाई वाळतेय. शिक्का.)