कुलूप लावलेलं घर

(समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात तुमचं क्षेत्रकार्य सुरू होईल आणि तुमच्यातल्या काहींच्या हाती गृहभेटीचा फॉर्म येईल. भिंती कशाच्या, खोल्या किती, कमावतं कोण, व्यसन कुणाला, असे रकाने त्यात असतात. ते भरायला वीस मिनिटं पुरतात. मी असे शेकडो फॉर्म भरलेत. त्यातला एक मी चुकीचा भरला. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. मूल ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा आठ वर्षांचा. परळीला एकटाच रेल्वेत चढला आणि मनमाडला रेल्वे पोलिसांना सापडला. असं मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठं राहायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावं लागतं. समितीनं त्याला बालगृहात ठेवलं आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवला. हा अहवाल 15 दिवसांत द्यायचा असतो. डिसेंबर महिना होता. बीड जिल्ह्यातल्या त्या गावात मी पोचले तर दाराला कुलूप. शेजारची एक म्हातारी काही सांगत होती, पण मला त्याच दिवशी आणखी तीन गावं उरकायची होती. मी लिहिलं, ‘घर बंद. पालक संपर्कात नाहीत. मुलाकडे दुर्लक्ष.’

डिसेंबरात बीडच्या गावात दाराला कुलूप का असतं, हे मला विचारायची गरजच पडायला नको होती. मी त्याच मातीतली आहे. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची आणि साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचं, ते मार्च-एप्रिलमध्ये परतायचं. कुणाचा कारखाना पश्चिम महाराष्ट्रात, कुणाचा कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. एक जण थांबला तर कोयता, म्हणजे ती जोडी, मोडते आणि उचल अंगावर राहते. या मुलाला दुसऱ्या गल्लीत राहणाऱ्या आजीकडे ठेवून आईबाप गेले होते. मुलगा घरातून पळालेला नव्हता, आईला शोधायला निघाला होता. ती म्हातारी मला एवढंच सांगत होती की आजीचं घर पलीकडं आहे.

आईला निरोप पोचला, पण ती समितीच्या तारखेला आली नाही. तेही कागदावर तिच्या विरोधात गेलं. कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि मुकादमाला विचारल्याशिवाय उसाच्या फडावरून हलता येत नाही, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. तशी सोय असलेला रकानाच नाही. मुलगा मेपर्यंत बालगृहात राहिला. त्यातले निदान चार महिने माझ्या तीन वाक्यांमुळे गेले, असं मी मानते.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 3 तुम्ही परीक्षेसाठी पाठ करताच. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही तत्त्वं त्यात स्वच्छ लिहिली आहेत. पण ‘शेवटचा’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात खरा ठरत नाही. तो त्या ओट्यावर खरा ठरतो, जिथं तुम्ही आणखी दहा मिनिटं बसता किंवा बसत नाही.

मेमध्ये मुलगा घरी आला आणि माझं खरं काम सुरू झालं. कागदावर त्याला ‘पाठपुरावा’ म्हणतात. गावात मला ‘बालकल्याणच्या बाई’ म्हणायचे, आणि मी दिसले की आई डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहायची. पोरगं परत घेऊन जायला आलेत, असंच तिला वाटे. पहिल्या दोन भेटींत मी फॉर्म पिशवीतून काढलाच नाही. ती निवडत होती ती मेथी मीही निवडायला बसले. तिसऱ्या भेटीत तीच बोलली. ‘ताई, पोरगं परकं झालंय. माझ्याकडं बघतच नाही. उशाखाली भाकरी लपवतंय. घरात चोरी करतंय म्हणून त्याच्या बापानं मारलं काल.’

ही भाकरी तुम्हाला पुष्कळ घरांत भेटेल. संस्थेत मुलाला जेवण मिळतं, पण ते घंटेवर मिळतं. घंटा चुकली की पुढच्या घंटेपर्यंत थांबायचं. मूल शिकतं की हाताशी अन्न असलेलं बरं. शिवाय त्याच्या हिशेबी आई एकदा न सांगता गेली होती. ती पहाटे ट्रॅक्टरमध्ये बसली तेव्हा तो झोपलेला होता. रडू नये म्हणून त्याला उठवलं नव्हतं. हे आईनंच सांगितलं आणि सांगता सांगता ती गप्प झाली.

मी तिला मुलांच्या मानसशास्त्रावर काही ऐकवलं नाही. आम्ही दोघींनी मिळून दोन गोष्टी ठरवल्या. रात्री झोपताना तिनंच फडक्यात अर्धी भाकरी बांधून त्याच्या उशाशी ठेवायची, म्हणजे लपवायचं कारण उरत नाही. आणि घरातून बाहेर पडताना, मग ते विहिरीपर्यंत का असेना, त्याला सांगून जायचं आणि सांगितलेल्या वेळेला परत यायचं. बापाशी बोलायला मला चार भेटी लागल्या. त्याला ओरडून काही साधलं नसतं. त्याच्या बापानं त्याला असंच वाढवलं होतं, आणि पोरगं हरवलं तेव्हा रडायलाही त्याला जागा मिळाली नव्हती.

पैशांचंही बोलायलाच हवं. पालकांचं समुपदेशन करायचं आणि घरातल्या रिकाम्या डब्यांकडे बघायचं नाही, असं चालत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात 4,000. त्यांचे निकष, कागद, बँक खातं हे तोंडपाठ करा. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये आईसोबत एकदा गेलात, तर तुमच्या पुढच्या सल्ल्याला वजन येतं.

जमैकातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. 1986-87 साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली 129 मुलं अभ्यासासाठी निवडली होती, 9 ते 24 महिन्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात, अशी दोन वर्षं. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी त्या गेल्या, त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. या सेविका मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. आणि त्या मुलाशी खेळून निघून येत नसत, खेळणं आईच्या हातात देत. गृहभेटीत तुमचा हात कुठं थांबला पाहिजे, ते मला यातून कळलं. मूल माझ्याकडे धावत आलं की मला आजही बरं वाटतं, पण ते आईकडे धावलं पाहिजे.

पुढच्या दिवाळीला ती दोघं पुन्हा तोडीला गेली. मी थांबवू शकले नाही, उचल आधीच घेतलेली होती. या वेळी मात्र मुलगा जागा होता. आईनं त्याला कारखान्याचं नाव सांगितलं, कॅलेंडरवर परतायचा महिना दाखवला, आणि रोज रात्री आजीच्या फोनवर बोलायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन लागला नाही. तेव्हा आजी त्याला घेऊन शेजारच्या मास्तरांच्या फोनवरून लावत बसली. मुलगा शाळेत राहिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जवळच्याच गावात बालगृहातून एक मुलगी घरी आली होती. तिची आई माझ्याशी एक शब्द बोलेना. मी त्या मुलाच्या आईला विचारलं, माझ्यासोबत याल का? ती म्हणाली, ‘मला काय बोलता येतंय?’ तरी आली. आम्ही ओट्यावर बसलो. चहा झाला. मी सवयीनं पाऊस-पाण्याचं विचारत होते. तिनं मध्येच मुलीच्या आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘रातच्याला उठून बसती का गं? माझं बी बसायचं.’

ती बाई रडायला लागली. मी चहाचे कप उचलून आत ठेवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.