थेंबाच्या मधोमध

बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेतो. ही पट्टी बघा. साधा पोलादी पत्रा आहे, पॉलिश पेपर मारून चकचकीत केलेला, जाडी 0.9 मिलिमीटर. आपल्या जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण एवढाच असतो. त्यावर मिठाच्या पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवतोय. पाण्यात दोन रसायनं थोडी थोडी मिसळली आहेत, फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. लोखंड जिथं विरघळेल तिथं निळं दिसेल, पाणी जिथं आम्लारिधर्मी होईल तिथं गुलाबी. पट्टी टेबलावर अशीच राहू द्या, धक्का लावू नका. तिच्याकडे शेवटी येऊ.

आजचा विषय तुम्ही दिलाय तो असा: सडलेला पत्रा घरच्या घरी कसा बदलावा. त्यावर मी बोलणार आहेच. पण कितीतरी वर्षं मनात घोळणारी एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती ध्यानात आली नाही तर केलेलं वेल्डिंग दोन-तीन पावसाळ्यांत पाण्यात जातं. आपण गंजाला रंगाचा आजार समजतो. फोड आला की खरवडायचा, प्रायमर मारायचा, रंग लावायचा. माझ्या मते गंज हा पोकळीचा आजार आहे. तो आतल्या बाजूनं पत्रा खात येतो, आणि बाहेर फोड दिसतो तेव्हा खाणं जवळजवळ संपलेलं असतं.

हे मला कळलं ते माझ्या पहिल्या गाडीपायी. 1950च्या दशकातली चारदारी, मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चॅसी नसलेली, सगळा भार बॉडीवर. मागच्या चाकाच्या पुढं, दाराखालच्या सिलवर, म्हणजे तिथून लांबीनं जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीवर, एक फोड आला, शर्टाच्या बटणाएवढा. वायर ब्रशनं घासलं, पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात दिले. एक पावसाळा गेला आणि त्याच जागी तीन फोड. मग गाडी एका गॅरेजला दिली. आठ दिवसांनी परत आली ती अशी, की सिलमध्ये तोंड बघावं. पत्रा बदलला का, असं मी विचारलंसुद्धा. ‘सगळं पक्कं केलंय’ असं उत्तर मिळालं, आणि मला ते पुरलं.

पुढच्या वर्षी चाक बदलायला जॅक लावला. दोन-तीन फेरे फिरवले, गाडी तसूभर उचलली, आणि कर्रकन आवाज झाला. गाडी जागच्या जागी खाली बसली आणि जॅक सिलच्या आत घुसला. मी वाकून हात घातला तर सिलचा एक तुकडा अख्खा हातात आला. तो पत्रा नव्हताच, पुट्टीची वीट होती. अंगठ्याएवढी जाड. कडेला रंगाचे थर मोजता येत होते: वर रंग, खाली करडा प्रायमर, मग पुट्टीचे तीन वेगवेगळे थर. उलटी करून बघितली तर आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा बोळा चिकटलेला. ओला, चिंब ओला. बोळा सोलून काढला तर पुट्टीवर अक्षरं उमटलेली दिसली, उलटी. आधी भोकात कागद कोंबला, त्यावर पुट्टी थापली. तो कागद पाणी धरून ठेवत होता आणि उरलासुरला पत्रा त्या ओल्या बोळ्याला टेकून वर्षभर सडत होता. मला आजही त्याचा राग येतो. पैशांचं सोडा. सिल हा त्या गाडीचा कणा होता, त्यावर माझी माणसं बसत होती.

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी सिल खालून नीट तपासली. पाणी निघून जायला कारखान्यानं तळाला तीन भोकं ठेवलेली होती. तिन्ही बुजलेली. गंज लागू नये म्हणून खालून डांबरासारखं काळं कोटिंग मारलं होतं, त्यानं बुजली होती. ते कोटिंग मी मारलं होतं, माझ्या हातानं, मोठ्या काळजीनं. आत दोन ओंजळी चिखल निघाला.

तुमच्यापैकी आत्ता किती जणांच्या खिशात चुंबक आहे? वा, बरेच हात वर झाले. त्याला फडकं गुंडाळून ठेवत जा, म्हणजे दुसऱ्याच्या रंगावर ओरखडे यायचे नाहीत. चुंबक चिकटलं नाही तर खाली जाड पुट्टी आहे एवढं समजतं. पण म्हणून पुट्टीला शिव्या देऊ नका. वेल्ड केलेल्या, इपॉक्सी प्रायमर लावलेल्या पक्क्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या आत पुट्टी असेल तर तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तिच्यात टाल्क असतं, ती ओल शोषते. म्हणून भोकावर ती चालत नाही. पॉलिएस्टर पुट्टी येण्याआधी हेच काम शिसं-कथलाच्या भरणीनं करत. फार जुन्या गाडीवर ग्राइंडर लावण्याआधी खाली ती भरणी नाही ना, हे बघा. शिशाची धूळ विषारी असते.

आता पोकळीच का, ते बघू. केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स नावाचे शास्त्रज्ञ होते. 1920च्या दशकात त्यांनी गंजाचा अभ्यास केला तो अशाच थेंबांवर. थेंबाच्या कडेला पाणी उथळ असतं, हवेतला ऑक्सिजन तिथं सहज पोचतो. मधोमध पाणी खोल, तिथं तो कमी पोचतो. आपल्याला वाटेल, ऑक्सिजन जास्त तिथं गंज जास्त. होतं उलट. कडा सुरक्षित राहते आणि लोखंड विरघळतं ते मधोमध, जिथं ऑक्सिजन कमी. आता थेंबाच्या जागी दोन पत्र्यांमधली फट ठेवा. फटीच्या तोंडाशी हवा आहे, आत नाही. म्हणजे पत्रा आत खाल्ला जाणार. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त. तो फटीत फुगतो, स्पॉट वेल्डनं, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेले पत्रे एकमेकांपासून उचकटतो, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं.

मोनोकॉक गाडी म्हणजे अशा फटींची आणि पोकळ पेट्यांची बेरीज. लान्चिया लाम्ब्दा 1922 मध्ये आली, तिच्यात वेगळी चॅसी नव्हती, भार बॉडीच उचलत होती. ही कल्पना सर्वत्र पसरली, पण त्या पेट्यांच्या आत प्रायमर पोचवायची सोय मागाहून आली. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं आतपर्यंत प्रायमर चढवण्याची पद्धत 1960च्या दशकात सुरू झाली. जस्ताचा मुलामा पोर्शे 911 ला 1970च्या दशकाच्या मध्यात मिळाला, आणि आउडी 100 ची पूर्ण बॉडी 1985 पासून जस्तावलेली येऊ लागली. आपला जीव ज्या गाड्यांवर आहे त्या बहुतेक याच्या आधीच्या. त्यांच्या पेट्या आतून जवळपास उघड्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं उरलीत, म्हणजे पत्रा बदलण्याचं आता भराभर सांगतो.

बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवा, गालिचे आणि काळं कोटिंग वेल्डच्या जागेपासून दूर करा. अग्निशामक घेऊन दुसरं माणूस उभं हवं, आणि वेल्डिंग थांबल्यावरही अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. सिल कापण्याआधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप टॅक मारून, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांनी, बसवा. नाहीतर गाडी मधून खचेल आणि त्याच अवस्थेत तुम्ही तिला कायमची वेल्ड कराल. एका वेळी एकच बाजू घ्या.

कापताना पत्र्याची दया करू नका. पत्रा पूर्ण जाडीचा आणि चकचकीत लागेपर्यंत कापा, वर दोन-तीन सेंटिमीटर आणखी. गंजावर लावायचं रसायन, रस्ट कन्व्हर्टर, वरवरच्या गंजापुरतं. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. पुठ्ठ्याचा साचा करा, त्यावरून नवा तुकडा कापा, आणि तो कडेला कड भिडवून बसवा, मध्ये जेमतेम पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून. जुन्या पत्र्यावर नवा चढवलात की नवी फट तयार झाली, म्हणजे पुन्हा तोच थेंब. जिथं एकावर एक चढवल्याशिवाय गत्यंतर नाही तिथं वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डनं भरा, आत जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्यावरून वेल्ड करता येतं असा, लावा आणि नंतर सांधा सीलरनं बंद करा.

मिग वेल्डिंगची, म्हणजे यंत्रातून सतत तार पुरवणाऱ्या वेल्डिंगची, तार 0.6 मिलिमीटरची. टाके दूर दूर मारायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि हात टेकवता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा टाका. सलग रेघ ओढलीत तर पत्रा लाटेसारखा वाकतो, मग हातोडी आणि पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा, डॉली, घेऊन बसा. ग्राइंडरची उष्णताही तेवढीच वाईट. जस्तावलेला पत्रा वापरत असाल तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुरानं ताप येतो. टू-पॅक रंगात, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या रंगात, आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, साध्या मास्कनं ते अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर तेवढं काम घरी करू नका.

रंग झाला की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. खरं काम त्यानंतरचं. लांब नळीनं सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, मारा, तळाच्या भोकांतून थेंब गळेपर्यंत. मग तारेनं ती भोकं पुन्हा मोकळी करा. दर दोन-तीन वर्षांनी हे करत राहा. गाडीवर घट्ट प्लास्टिकचं आवरण घालू नका. आर्द्रता साठ टक्क्यांवर गेली की उघडं लोखंड भराभर गंजू लागतं, आणि आवरणाखाली ती सहज तेवढी होते.

वेळ संपली. पट्टी आता तुमच्याकडे देतो. कडेची गुलाबी रिंग दिसतेय? मधला निळा ठिपका बघा, मघाशी तिथं नुसता चकचकीत पत्रा होता. आडवीच धरा, थेंब सांडू देऊ नका, मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे.