शेवटचा आकडा कशासाठी?

मंडळी, फळ्यावर तेरा आकडे लिहितो: ८९०१२३४५६७८९०. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या उभ्या रेघांखाली असतो, तसा हा क्रमांक. मनाने रचलाय, दुकानात शोधू नका. सुरुवातीचं ८९० म्हणजे कंपनीची नोंदणी भारतातली; माल भारतात बनला असं त्यावरून ठरत नाही, व्हॉट्सॲपवर काहीही येवो.

पहिले बारा आकडे घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक मिळवा: ८, ०, २, ४, ६, ८. झाले २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९ मिळून ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०. ही संख्या दहाच्या पाढ्यात यायला अजून किती हवेत? काहीच नको, आहेच ती पाढ्यात. म्हणून तेरावा आकडा शून्य. मालाबद्दल तो काहीच सांगत नाही. आधीच्या बारांवर पहारा देणं एवढंच त्याचं काम.

रेघा चुरगळल्या की काउंटरवरचा मुलगा क्रमांक हाताने टाइप करतो. एक आकडा चुकला की हिशेब दहाच्या पाढ्यातून निसटतो आणि यंत्र क्रमांक घेत नाही. मग तिप्पटच का, दुप्पट का नाही? कारण पाच दुणे दहा. दुप्पट केली तर ० आणि ५ यांत फरकच उरत नाही.

पण आता २७च्या जागी ७२ टाकून बघा. पहिला आकडा तसाच, दुसऱ्याची तिप्पट: २ आणि २१, म्हणजे २३. उलट केलं तर ७ आणि ६, म्हणजे १३. दोन्हींच्या शेवटी ३! पहारेकरी झोपला. १ आणि ६, ३ आणि ८, जिथे फरक पाचाचा तिथे हेच होणार. तीनऐवजी सात किंवा नऊने गुणूनही सुटका नाही. एकेरी चूक पकडायची तर १, ३, ७, ९ एवढेच गुणक चालतात. ते सगळे विषम, त्यांच्यातला फरक नेहमी सम, आणि समाला पाचाने गुणलं की शेवटी शून्य.

मी २७ हे उदाहरण मुद्दाम घेतलं. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी कानावर पडतो. लिहून घेणाऱ्याचा हात सातवर गेला तर दोष कोणाचा? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मला स्वतःला सत्तावीस सोडवत नाही, पण अडचण खरी आहे.

डच लोकही ‘सात-आणि-वीस’ म्हणतात. आणि हा पेच सोडवला तो एका डच गणितज्ञानेच, याकोबस व्हेरहूफ यांनी, १९६९ साली. डच टपाल खात्याकडची माहिती घेऊन माणसं आकडे लिहिताना कशी चुकतात ते त्यांनी तपासलं. एकच आकडा चुकणं सर्वांत जास्त, त्याखालोखाल शेजारच्या आकड्यांची अदलाबदल.

त्यांनी साधी बेरीजच सोडून दिली. बेरजेला क्रमाचं सोयरसुतक नसतं. दोन अधिक सात काय, सात अधिक दोन काय. त्यांना क्रम लक्षात ठेवणारी क्रिया हवी होती.

हा पुठ्ठ्याचा पंचकोन बघा. वरच्या टोकाला लाल ठिपका आहे. आधी घड्याळाच्या दिशेने एक घर फिरवतो: ठिपका उजवीकडे. मग पान उलटतो तसा उलटतो: ठिपका डावीकडे. आता पुन्हा पहिल्यापासून, पण आधी उलटतो: ठिपका वरच. मग फिरवतो: उजवीकडे. क्रिया त्याच, क्रम बदलला आणि ठिपका दुसरीकडे गेला. पाच फिरवण्या आणि पाच उलटण्या, बरोबर दहा. शून्य ते नऊ आकड्यांना त्या वाटून द्यायच्या. नुसतं एवढं पुरत नाही. आकडा कितव्या स्थानावर आहे त्यानुसार तो आधी बदलूनही घ्यावा लागतो. मग मात्र एकेरी चूक आणि शेजाऱ्यांची अदलाबदल, दोन्ही हमखास सापडतात.

हा पंचकोन तुमच्या खिशात आहे. आधारचा बारावा आकडा व्हेरहूफ यांच्याच रीतीने काढतात. पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हापासून. म्हणून फॉर्म भरताना दोन आकडे उलटे पडले तर नेट बंद असतानाही चूक दाखवता येते. अर्थात हिशेब जुळला म्हणजे त्या क्रमांकाचा माणूस असतोच असं नाही.

मोबाइलच्या दहा आकड्यांत मात्र असा पहारेकरी नाही. मी भाच्याला फोनवर नंबर सांगितला, शेवटी ‘सत्तावीस’ म्हणालो, त्याने बहात्तर टाइप केलं. रिचार्ज बिनतक्रार झालं. कोणाचं झालं ते अजून कळलेलं नाही.